चार ते आठ

प्रिय ताई,

पत्र बघून तुला वाटेल, याला झालंय तरी काय? एक बस पकडली की माझं घर, हाताशी फोन, आणि हा पानंच्या पानं लिहीत बसलाय. पण फोनवर आपलं कसं होतं ते तुला माहीत आहे. तू बोलतेस, मी हं हं करतो, आणि माझी पाळी येईपर्यंत तुझ्या ड्यूटीची बस आलेली असते. समोर बसलो तर त्याहून वाईट. तू माझ्या तोंडाकडे बघून 'वाळलास रे' म्हणतेस आणि माझं सगळं अवसान गळतं. म्हणून लिहितोय. एका बैठकीत वाच, मध्येच उठून कपडे वाळत घालायला जाऊ नकोस. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड आहे, ती या पत्रातही थोडी दिसेल. तेवढी चालवून घे.

आधी बातमी, ती चांगली आहे. जुन्या अग्निशमन केंद्राचे ते दोन उंच लाल दरवाजे परवा उघडले. आठ वर्षं बंद होते, आम्हीही इतके दिवस मागच्या दाराने ये-जा करत होतो, त्यामुळे असे करकरले की शेजारच्या शिंपीणकाकू हातातली टेप तशीच घेऊन बाहेर आल्या. बंब उभे राहायचे त्या जागेत आता एका बाजूला सुतारकामाचं लांब टेबल आहे, दुसऱ्या बाजूला सायकली खोलून दुरुस्त करायची जागा, आणि मागे जवानांची झोपायची खोली होती तिथे भिंतीला टेकून बसायला गाद्या. निवृत्त झालेले एक सुतारकाका रोज यायला तयार झालेत. आपल्याला मुलं आवडत नाहीत असं ते स्वतःच सांगतात, पण मुलं त्यांना सोडत नाहीत. वरच्या मजल्यावरून जवान घसरत खाली यायचे तो खांब नगरपालिकेच्या समितीला कापून टाकायचा होता. मुलं अडून बसली. शेवटी समितीच्या अध्यक्षांनी खांब हलवून बघितला, खाली जाड गादी टाका म्हणाले, आणि आपल्याकडे कुणी बघत नाही असं वाटल्यावर फूटभर वर चढूनही बघितलं. दारावरची पाटी तुझ्या लेकीने रंगवली आहे. 'वय बारा ते अठरा. वेळ चार ते आठ. नाव सांगायची गरज नाही.' भिंगरीची अक्षरं उजवीकडे जरा चढलीत, तरी शिस्तबाईंनी ती पाटी तशीच लावू दिली. माझ्या जोडीच्या या समुपदेशक बाईंना हे नाव तूच ठेवलंस, तेव्हा त्या किती खूश असतील याचा अंदाज तुला येईल.

एवढ्याशा गोष्टीला दोन वर्षं का लागली, असं तू मला मध्ये विचारलं होतंस. मी तेव्हा समितीला नावं ठेवून मोकळा झालो. खरं सांगायचं तर समितीतली माणसं वाईट नव्हती, त्यांना फक्त दिसेल असं काहीतरी हवं होतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी कौतुकाने ऐकून घेतलं आणि तीन हजार पत्रकं छापून दिली. नशेचे दुष्परिणाम, काळ्या चौकटीत, वर कवटी. मुलांनी त्यांची विमानं केली. चांगली उडाली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एक फेरी काढायचं ठरलं. मुलांना टोप्या वाटल्या, उन्हात तासभर फिरवलं, फोटो काढले आणि पाच वाजता सगळ्यांना त्याच रिकाम्या घरांकडे सोडून दिलं. माझी शाळेतली खोली तू बघितली आहेस, जिन्याखालची, जिथे उंच माणसाला वाकून बसावं लागतं. त्या खोलीत मूल येतं तेव्हा बहुतेक वेळा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मग आम्ही बोलतो, समजावतो, आईबापांना बोलावतो, दवाखान्याला चिठ्ठी देतो. वरातीमागून घोडं. शिस्तबाई म्हणायच्या, आपल्याला समुपदेशकाची आणखी एक खुर्ची नकोय, शाळा सुटल्यापासून आईबाप घरी येईपर्यंतच्या वेळाला एक छप्पर हवंय. गावात दारूच्या दुकानाला जागा आहे, वाहनतळाला जागा आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलाने काही विकत न घेता चार तास बसावं अशी एकही जागा नाही. हे आम्ही घसा फोडून सांगत होतो आणि अध्यक्ष प्रत्येक वेळी एकच विचारत होते, याला पुरावा काय?

म्हणून आम्ही नकाशे काढून घेतले. ही कल्पना माझी होती आणि मला तिचा फार अभिमान होता, हे आधीच कबूल करतो. प्रश्नावलीला मुलं खोटी उत्तरं देतात. पण कागद पुढे ठेवून म्हटलं, चार ते आठ तू कुठे असतोस ते काढ, घर काढ, गल्ली काढ, कुठे काय करतोस ते तिथे लिही, तर मुलं रमतात आणि खरं लिहितात. नाव नाही, वर्ग नाही, सगळ्यांना एकसारख्या निळ्या पेन्सिली. पहिल्या वेळी चाळीस मुलांवर करून बघितलं, तर चाळीसच्या चाळीस नकाशांत मुलं अभ्यास करत होती. एक तर चार तास आजीचे पाय चेपत होता. शिस्तबाई हसून हसून दमल्या. मी कागद उलटसुलट करून बघितला आणि माझ्या लक्षात आलं की घोडं कुठे अडतंय. कागदाच्या तळाशी आमचं नेहमीचं वाक्य होतं. माझ्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतो : तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील, फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला मोठ्या माणसांना सांगावं लागेल. आमच्या धंद्यात हे वाक्य म्हणजे दाराची कडी. मुलं ते वाचून सावध होत होती. मी ते गाळलं. त्याजागी लिहिलं, 'हा कागद कुणाचा आहे हे कुणीही, कधीही शोधणार नाही.' शिस्तबाईंनी दोन वेळा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, कुणाचा कागद आहे तेच कळणार नसेल तर सांगणार कुणाबद्दल? त्यांना ते पटलं. मलाही पटलं होतं, ताई. मला बोलता येतं, हेच माझं मोठं दुर्दैव.

तीन शाळांतून दोनशे बारा नकाशे आले. मी ते शाळा सुटल्यावर खोलीतल्या टेबलावर पसरून तीन दिवस वाचले. काही बाजूला ठेवून पुन्हा वाचले, काही वाचून हसू आलं. एकाने बसस्टॉपच्या बाकाला स्वतःचं नाव दिलं होतं. एकीने गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे चार ठिपके काढून लिहिलं होतं, 'आम्ही. बाटली पण.' तिसऱ्या दिवशी एक कागद हाती आला. त्यात फक्त एक स्वयंपाकघर होतं. टेबल, दोन खुर्च्या, खिडकी, भिंतीवर घड्याळ. घड्याळाखाली लिहिलं होतं, 'दहा मिनिटं पुढे आहे. आईची बस चुकू नये म्हणून.' आणि टेबलाशेजारी, बारीक अक्षरात : 'चार ते पाच काही नाही. पाच वाजता आईच्या डब्यातली अर्धी गोळी. मग आठ लवकर वाजतात.'

आता तुला कळलं असेल, मी काय सांगतोय. थांब, कागद खाली ठेवू नकोस, पुढे वाच. त्या दिवशी शाळेच्या पहिल्या सत्राचा दुसरा आठवडा होता. भिंगरी जिन्यात कोसळली त्याच्या नऊ आठवडे आधी. मला माहीत होतं, ताई. नऊ आठवडे माहीत होतं.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? कागद बाकीच्यांच्या गठ्ठ्यात मधोमध घातला. स्वतःला सांगितलं, घड्याळ पुढे ठेवणारी घरं खूप असतील. मग सांगितलं, वचन दिलंय, शोधणार नाही म्हणून. मग रविवारी तुझ्याकडे आलो, हातात तो औषधांचा डबा, झाकणाला छोटं कुलूप असलेला. तुला वाटलं, वाढदिवस विसरलो होतो त्याची भरपाई. दुसऱ्या रविवारी बघितलं तर त्यात तू बटणं ठेवली होतीस आणि गोळ्या जुन्याच डब्यात, साखरेच्या बरणीशेजारी होत्या. भिंगरीसमोर बसून पत्ते खेळलो आणि तिला विचारलं, शाळेत सगळं ठीक ना? हा प्रश्न विचारू नका म्हणून मी दरवर्षी पालकांना व्याख्यान देतो. याला 'हो' याशिवाय उत्तर येत नाही. ती हो म्हणाली, आणि पुढे काही विचारतोय का म्हणून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी पत्ते पिसले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आणि मग तुझे फोन सुरू झाले. पाठीच्या गोळ्या कमी भरतात म्हणून. तू हसत सांगायचीस, विसरायला लागले रे, घेतलेली गोळी परत घेते वाटतं, म्हातारपण दार न वाजवताच आलं. मी हं म्हणायचो. पुढच्या आठवड्यात तू डॉक्टरांकडे गेलीस आणि त्यांनी स्मरणशक्ती तपासायला तुला शंभरातून सात सात वजा करायला लावले, तेही तू नक्कल करून सांगितलंस. मग वॉर्डात औषधांची गाडी फिरवताना तू त्या नव्या मुलीला सोबत घ्यायला लागलीस, आपण मोजलेला डोस तिच्याकडून तपासून घ्यायला. अठ्ठावीस वर्षं जिच्या हाताखाली नर्सेस शिकल्या, ती स्वतःच्या हातावर विश्वास ठेवीना. आणि वॉर्डची इन्चार्ज म्हणून तुझं नाव आलं, तेव्हा तू नको म्हणालीस. मला फोनवर म्हणालीस, माझ्या विसराळूपणाने कुणाच्या जिवाशी खेळ नको. मी त्या वेळी शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर तुझी ती जागा वाचली असती. 'ताई, तू काही विसरत नाहीयेस.' एवढंच. कुणाचं नाव घ्यायची गरज नव्हती. मी मूग गिळून बसलो आणि वर तुला म्हणालो, विश्रांती घेत जा.

वचनाचं कारण मी स्वतःला खूप दिवस पुरवलं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. पूर्ण खरं हे आहे. कागद वाचल्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी शिस्तबाईंना म्हटलं, एक कागद जरा धोक्याचा वाटतोय. कुणाचा वाटतो ते सांगितलं नाही. त्यांनी पेन बंद केलं आणि सरळ म्हणाल्या, मग आपलं चुकलं. ते वाक्य गाळायला नको होतं. तिन्ही शाळांत जाऊन मुलांना सांगू की आमची चूक झाली, वाक्य घालून नवे कागद देऊ, आणि ज्याला बोलायचं असेल त्याने यावं म्हणून रोज एक तास दार उघडं ठेवू. त्यांना हे सुचायला एक मिनिटही लागलं नाही. मी विचारलं, आणि समिती? समितीची तारीख आठ आठवड्यांवर होती. नवे कागद भरून घ्यायचे तर महिना जाणार, तारीख हुकणार, आणि त्या जागेवर वाहनतळ करायचा प्रस्ताव आमच्या मागेच रांगेत उभा होता. शिवाय आपणच आपल्या कागदांना चुकीचं म्हटलं, तर अध्यक्ष त्यांना पुरावा कसे मानणार? मी म्हटलं, बाई, मी जरा जास्तच घाबरलो, कागद तेवढा वाईट नाही. त्यांनी बघायला मागितला. मी म्हटलं, गठ्ठ्यात गेला, शोधायचा नाही असं ठरलंय ना? त्यांनी पेन परत उघडलं. शिस्त त्यांचीच होती, मी ती त्यांच्यावरच उलटवली.

म्हणजे मी वचनासाठी गप्प नव्हतो. मला ती इमारत हवी होती. दोनशे अकरा मुलांसाठी हवी होती, हे मी तेव्हा अगदी मनापासून मानत होतो. माणूस चांगल्या कामात असला की त्याला स्वतःचा संशय येत नाही, हे मी या वयात शिकलो.

भिंगरी पडली त्या दिवसाचं तुला मी काय सांगणार. दुपारची मधली सुट्टी संपत होती, मी माझ्या खोलीत होतो, आणि डोक्यावरच्या जिन्यात आवाज झाला. मी बाहेर आलो तेव्हा ती खालच्या पायरीवर आडवी होती, डोळे अर्धवट उघडे, आणि मला बघून म्हणाली, मामा, पाय राहिले नाहीत. तोपर्यंत ती अर्ध्यावरून दीडवर गेली होती आणि दुपारीही घ्यायला लागली होती, हे आपल्याला नंतर कळलं. दवाखान्यात तिच्या रक्ताचा अहवाल आला, तुझ्याच गोळीचं नाव त्यात निघालं, तेव्हा तू आधी हसलीस आठवतं? 'म्हणजे मी विसरत नव्हते,' म्हणालीस, आणि मग तिथल्या तिथे भिंतीला टेकून रडलीस. दाजी बोटीवर, त्यांना फोन लागेना. मी तुझ्याजवळ उभा. आणि तू माझा हात धरून म्हणालीस, 'मी नर्स असून मला दिसलं नाही, तू तरी काय करणार, तुला कुठे माहीत होतं.' तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तुला त्या क्षणी टेकायला कुणीतरी हवं होतं, आणि खरं सांगू, मलाही कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवायला हवं होतं.

दोन आठवड्यांनी समितीची बैठक झाली. मुलीचं नाव कुणी घेतलं नाही, पण गावात कुणाला माहीत नव्हतं? नकाशे भिंतीवर लावले होते. तुझ्या स्वयंपाकघराचा सोडून. तो मी काढून घेतला होता, त्यामुळे समितीपुढे दोनशे अकराच गेले. खरं तर त्या दिवशी नकाशांची गरजच पडली नाही. वाहनतळवाले सभासद उठले आणि म्हणाले, परवा शाळेत जे झालं त्यानंतर मला गाड्यांबद्दल बोलायला लाज वाटते. सगळे हात वर गेले. लोक माझ्याशी हात मिळवत होते. माझ्या भाचीच्या पडण्याने माझं काम झालं होतं, आणि मी सगळ्यांना धन्यवाद म्हणत होतो.

त्या दिवशी घरी येताना मला राहून राहून तुझी ती जुनी कँटीन आठवत होती. मी पंधरा वर्षांचा होतो, सायकलच्या दुकानामागे त्या तिघांबरोबर पंक्चरचं सोल्युशन हुंगत होतो. तू वीस वर्षांची, नर्सिंग शिकत होतीस. माझ्या शर्टाला वास आला, तू काही विचारलं नाहीस. बाबांना सांगितलं नाहीस, मला उपदेशही केला नाहीस. फक्त म्हणालीस, उद्यापासून शाळा सुटली की चारला दवाखान्याच्या कँटीनमध्ये यायचं, माझी पाळी संपेपर्यंत तिथे बसायचं. मी म्हटलं, आणि नाही आलो तर? तू म्हणालीस, तर मी गणवेशातच त्या दुकानामागे येईन आणि तुझ्या मित्रांसमोर तुझं नाक पुसेन. मी दोन वर्षं गेलो. तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर मी गणित शिकलो, स्वयंपाक्याकडून बुद्धिबळ शिकलो, आणि रोज आठला तुझ्याबरोबर चालत घरी आलो. समितीपुढे मी दोन वर्षं जे भाषण करत होतो, ते सगळं मला तिथेच कळलं होतं. पण त्यातली मुख्य गोष्ट मी विसरलो. तुला कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी तू काहीतरी केलंस.

मागच्या सोमवारी भिंगरी आणि मी केंद्रातल्या खिडक्यांना रंग देत होतो. ती आता बरी आहे, दुसऱ्या शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे दर आठवड्याला जाते, हे तुला माहीतच आहे. खिडकीची चौकट रंगवता रंगवता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, मामा, ते नकाशे काढले ना, त्यात माझा पण होता. मी ब्रश चालवत राहिलो. ती म्हणाली, घड्याळ मी मुद्दाम काढलं होतं, तुला ओळखू यावं म्हणून. मला वाटलं, तू येशील. तू आलास पण, पत्ते खेळायला, आणि मला वाटलं आता विचारतोस, आता विचारतोस. मग ब्रश डब्यात बुडवून म्हणाली, 'तू ओळखलंच नव्हतंस ना?' तिच्या आवाजात राग नव्हता. मी नाही म्हणावं अशी तिची इच्छा होती, कारण दुसरं उत्तर तिला सोसलं नसतं. आणि मी म्हणालो, 'नाही गं, नव्हतं ओळखलं.' ती हसली, एवढी मोकळी हसली, की मला ब्रश ठेवून बाहेर जावं लागलं. रंगाचा वास डोक्यात गेला असं सांगितलं. शिस्तबाई दारात होत्या. त्यांना मी तिथेच पायरीवर बसून सगळं सांगितलं. त्यांनी शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकलं. मग उठल्या, आत गेल्या, आणि जाताना एवढंच म्हणाल्या, बहिणीला हे सगळं सांगा, आणि पुढच्या नकाशांच्या तळाला ते वाक्य मी ठळक छापून घेते.

शनिवारच्या उद्घाटनात तू आई म्हणून बोलणार आहेस, आणि भाषण शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे पाठवलंस, ते या पाकिटात परत ठेवलंय. छान लिहिलंयस. घराचं दार उघडून आत कुणी बोलायला नसलं की मुलीला कसं वाटत असेल, हे मला दोन वर्षांत इतकं साधं लिहिता आलं नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका होत्या, त्या दुरुस्त केल्यात. एका वाक्याला मात्र मी पेन लावलेलं नाही. 'माझ्या धाकट्या भावाला आधी माहीत असतं, तर तो एक दिवससुद्धा गप्प बसला नसता.' त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. ते वाक्य तू शंभर माणसांसमोर, भिंगरीसमोर, माझ्याकडे बघून वाचणार होतीस, आणि मी टाळ्या ऐकत उभा राहणार होतो. ते माझ्याने होणार नाही, म्हणून हे पत्र. त्या वाक्याचं काय करायचं ते तू ठरव. मी तिथे नको असेन तर तसं सांग, केंद्र माझ्यावाचून उघडेल. पण त्याआधी, गुरुवारी तुझी सुट्टी असते, मी चारलाच येतो. भिंगरीला मला स्वतः सांगायचंय की मी ओळखलं होतं. ती रडेल, कदाचित मला घराबाहेर काढेल, आणि तू तुझ्या सवयीने मध्ये पडशील. ताई, आयुष्यभर तू माझी बाजू घेत आलीस. या वेळी घेऊ नकोस, तिच्या बाजूला बस.

तुझाच,
धाकटा